न मागणाऱ्यांचं पाणी

गेली दोन वर्षं मला कुठे ना कुठे भाषणाला बोलावतात. विषय ठरलेला असतो: ‘पाटकरी’ हा खेळ बनवताना तुम्ही काय शिकलात? मी तीन धडे सांगायचे. पहिला, खेळातल्या माणसांना आठवणी द्या. दुसरा, त्यांना एकमेकांच्या चहाड्या करू द्या. तिसरा, जे कंटाळवाणं आहे ते दयामाया न दाखवता कापा. लोक उतरवून घ्यायचे, टाळ्या वाजवायचे, आणि हल्ली नारळाऐवजी रोप देतात ते घेऊन मी घरी यायचे. माझ्या गॅलरीत अशी एकोणीस रोपं आहेत, त्यांतली सहा जिवंत.

तिसरा धडा मी आता सांगत नाही. का, ते भाषणाच्या वीस मिनिटांत बसत नाही, म्हणून इथे लिहिते आहे.

मी हर्षाली बेडसे. नाशिकला एका पिठाच्या गिरणीवरच्या दोन खोल्यांत आम्ही तिघं खेळ बनवतो. चित्रं काढणारा एक, आवाज करणारी एक, आणि बाकीचं सगळं मी. बाकीचं सगळं म्हणजे खेळाच्या आतली यंत्रणा: पाऊस कसा पडेल, माती किती पाणी धरेल, कोण कोणावर का रुसेल. चित्रांचं कौतुक सगळे करतात. यंत्रणेचं कौतुक कोणी करत नाही, कारण ती नीट चालली तर दिसतच नाही. माझी खंत आहे ती, लपवत नाही.

‘पाटकरी’ची कल्पना मला माझ्या बहिणीच्या सासरी सुचली. उज्ज्वलाताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. तिला पांझरा नदीकाठच्या मालखेड्याला दिलेलं. या गावात अजून फड चालतात. नदीवर जुना दगडी बंधारा आहे, त्यातून पाट निघतो, पाटाच्या चाऱ्या होतात. चारीखालची सगळी जमीन म्हणजे एक फड. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि आपल्या वावराला आपण पाणी लावायचं नाही. ते काम पाटकऱ्याचं. तो पाळीपाळीनं सगळ्यांना पाणी देतो, आणि बंधाऱ्यापासून सर्वांत लांबच्या, म्हणजे टेलच्या वावरालाही तेवढंच पाणी पोचलं पाहिजे ही त्याची जबाबदारी.

खेळासाठी याहून चांगला नायक कुठे मिळणार? पाणी थोडं, माणसं एकशेबारा, आणि मधे एकटा फावडेवाला.

मी मालखेड्याच्या पाटकऱ्यामागे अकरा दिवस फिरले. धुडकू आप्पा त्यांचं नाव. सत्तरीला टेकलेले, चाल मात्र अशी की मला धापा लागायच्या. प्रत्येक पाळीच्या आधी आप्पा टेलच्या शेवटच्या वावरापासून बंधाऱ्यापर्यंत चालत यायचे. तीन किलोमीटर. प्रत्येक वावरात शिरून टाच मातीत दाबायचे, खळग्याकडे बघायचे, पुढे निघायचे. आणि वाटेत कुठल्या तरी एका माणसाच्या खळ्यात किंवा ओट्यावर बसून प्यायला पाणी मागायचे. मी विचारलं, याच्याकडेच का?

“दोन पाळ्या झाल्या, हा मनाकडे उना नही,” आप्पा त्यांच्या अहिराणीत म्हणाले. “जो भांडस ना, त्याची काळजी नही. तो सोताच घरी येस. जो येत नही, त्याच्याकडे आपण जावानं.”

मी ते रेकॉर्ड केलं, वहीत लिहिलं, आणि खेळात घातलंसुद्धा. खेळणाऱ्यानं पाळीआधी टेलपासून वर चालत यायचं. पुरी दोन मिनिटं. चाळीस जणांना चाचणीसाठी खेळ दिला. एकतीस जण त्या चालण्यात कंटाळून बंद करून गेले. एकानं लिहिलं, ‘चालतोय, चालतोय, आणि शेवटी एक माणूस तांब्याभर पाणी देतो. हा काय खेळ आहे?’

मी फेरी कापून टाकली. तशीच आणखी एक गोष्ट कापली. खेळातले काही शेतकरी उत्तर द्यायला फार वेळ लावत. ‘पाणी पुरलं का?’ विचारलं की बघत बसत. म्हणून नियम केला: तीन सेकंदांत उत्तर आलं नाही तर ‘हो’ धरायचं. खेळ एकदम वेगवान झाला. अकरा लाख लोकांनी घेतला. तिसरा धडा तेव्हा जन्माला आला.

आता थोडं यंत्राबद्दल सांगायला हवं.

खेळातला प्रत्येक शेतकरी म्हणजे एक छोटासा कृत्रिम मेंदू होता. फार हुशार नाही, पण त्याला मागचं आठवायचं, शेजाऱ्याला किती मिळालं हे कळायचं, आणि त्याच्यात रुसवा साठायचा. पाणी कमी मिळालं की रुसवा वाढे, न सांगता कमी मिळालं की दुप्पट वाढे. सगळ्या गावाचा रुसवा ठरावीक रेषेच्या वर गेला की खेळ संपला. पुढे आम्ही एक स्वयंचलित पाटकरी बनवला. त्याला नियम शिकवले नाहीत. लाखो माणसांनी खेळलेल्या पाळ्या दाखवल्या, मग स्वतःशीच कोट्यवधी हंगाम खेळायला लावलं, आणि एकच गोष्ट सांगितली: गावाचा एकूण रुसवा कमीत कमी ठेव. कसा ठेवायचा ते त्यानं स्वतः शोधलं. चारेक महिन्यांत तो आमच्या सर्वांत तरबेज खेळाडूपेक्षाही चांगला खेळायला लागला.

पाटांना विजेवर चालणारी दारं बसवणाऱ्या एका कंपनीनं हे पाहिलं. त्यांच्याकडे दारं होती, ती कधी आणि किती उघडायची हे सांगणारा मेंदू नव्हता. त्यांचा पुष्कर नावाचा अधिकारी मला भेटायला आला. सभ्य माणूस, गिरणीचा जिना चढताना शर्टावर पीठ उडालं तरी हसला. म्हणाला, “एका गावात एक हंगाम करून बघू. जमलं तर एकशेचाळीस गावं.”

गाव मीच सुचवलं. मालखेडं. प्रेमानं सुचवलं आणि थोडं मिरवायलाही.

प्रत्येक वावरात ओल मोजणारी यंत्रं बसवायचा विचार आधी होता. पण ती महाग, आणि उंदीर वायरी खातात. मीच म्हटलं, कशाला? माणूस स्वतःच सांगेल की. रोज सकाळी सातला यंत्राचा फोन प्रत्येकाला जाईल: पाणी पुरलं का? उत्तर काय आलं, किती पटकन आलं, आवाज कसा होता, यावरून रुसवा मोजायचा. सगळ्यांना ही युक्ती फार आवडली. नोव्हेंबरात दारं बसली. आप्पांना शाल आणि श्रीफळ देऊन गावच्या पाणी समितीनं सांगितलं, आता आराम करा.

फेब्रुवारीपर्यंतचे आकडे असे होते की पुष्करनं फोनवरच पेढे मागितले. पाणी जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं वाचलं. तक्रारी नावाला. गावाचं समाधान शंभरात शहाण्णव. करारावर सही करायला मी मालखेड्याला जावं, गावकऱ्यांसमोर छोटासा कार्यक्रम व्हावा असं ठरलं. शुक्रवारी कार्यक्रम होता, मी गुरुवारीच ताईकडे गेले.

ताईनं कळण्याची भाकरी आणि भरीत केलं होतं. भाऊजी दुधाच्या टँकरवर असतात, चार दिवसांनी एकदा घरी येतात, म्हणजे शेत ताईच बघते. ती वाळलेली दिसली. मी विचारलं तर म्हणाली, “वय झालं गं.” बावन्नाव्या वर्षी.

“आणि पाण्याचं कसं? माझं यंत्र त्रास नाही ना देत?”

“छे, मस्त आहे. रोज सकाळी गोड बोलतं,” ती म्हणाली आणि माझ्या पानात आणखी भरीत वाढलं.

ताईचं हे असंच. लहानपणी धुळ्याहून आजोळी जाताना एसटीत खिडकी नेहमी मला. तिला म्हणे खिडकीत मळमळायचं. बारावीनंतर तिनं शिक्षण सोडलं, कारण तिला अभ्यासाचा कंटाळा होता म्हणे, आणि त्याच वर्षी मला इंग्रजी शाळेत घातलं. बाबांच्या शेवटच्या दोन वर्षांत ते तिच्याकडे राहिले. मी नाशिकला खेळ बनवत होते. महिन्यातून एकदा फोन करून ‘काही लागलं तर सांग’ म्हणायचे. तिला कधी काही लागलं नाही. ताईला चालतं, हे आमच्या घरातलं सर्वांत जुनं वाक्य होतं.

दुपारी मी म्हटलं, वावर बघून येऊ. ती म्हणाली ऊन आहे, उद्या जाऊ. मी ऐकलं नाही, एकटीच निघाले.

चारीच्या कडेनं चालत गेले. दोन्ही बाजूंना गहू कमरेला लागत होता, लोंब्या चिकात आलेल्या. मला खरोखर अभिमान वाटला. मोबाईलवर फोटो काढत काढत मी टेलला पोचले आणि ताईच्या बांधावर उभी राहिले.

तिचा गहू माझ्या गुडघ्याच्या खाली होता. पानांची टोकं करपलेली. आप्पांसारखी टाच दाबली तर माती दबलीच नाही. एक लोंबी चोळून पाहिली, आत दाणे होते पण चपटे. या आठवड्यात भरपूर पाणी मिळालं तर निम्मा गहू वाचला असता. नाही मिळालं तर सगळा पोचट, वर्षभराचं पीक आणि घरचं बियाणं दोन्ही हातचं गेलेलं.

बांधावरच बसून मी लॅपटॉप उघडला. यंत्राची नोंदवही मला बघता येत होती, पण आजवर मी फक्त गावाची बेरीज बघितली होती. नाशिकला बसून उंटावरून शेळ्या हाकत होते. आता एकशेबारा नावं कोणाला किती पाणी मिळालं त्या क्रमानं लावली आणि तळाला गेले.

सर्वांत खाली उज्ज्वला दगडू अहिरराव. पहिल्या पाळीला पूर्ण हिस्सा. मग बारा आण्यांहून थोडा जास्त, मग थोडा कमी, या पाळीला आठ आणेही नाही. आणि प्रत्येक सकाळच्या फोनचं उत्तर एका सेकंदाच्या आत: पुरलं. पुरलं. पुरलं. आवाजात ताण नाही. रुसवा शून्य.

मला समजायला वेळ लागला नाही, माझंच पिल्लू होतं ते. त्याला एकूण रुसवा कमी ठेवायचा होता. एखाद्या भांडखोराचं घमेलंभर पाणी तोडलं तर रुसवा भडकतो. ताईचं तोडलं तर काहीच होत नाही. म्हणून त्यानं दर पाळीला तिचं थोडंसं काढून ओरडणाऱ्यांना दिलं, काही होतंय का बघितलं, नाही झालं, म्हणून आणखी काढलं. रडल्याशिवाय आई दूध देत नाही म्हणतात. इथे न रडणाऱ्याचं दूध काढून रडणाऱ्याला पाजलं जात होतं, आणि वर शहाण्णव मार्क.

तळाच्या नऊ नावांमध्ये कोणीही भांडखोर नव्हतं.

घरी आले तेव्हा ताई गहू निवडत होती. मागच्या वर्षीचा.

“बोलली का नाहीस?” मी विचारलं.

तिनं मान वर केली नाही. “तुझं यंत्र आहे. एवढ्या लोकांसमोर तुझं नाव झालंय. पहिल्याच वर्षी घरातूनच तक्रार गेली तर कसं दिसेल?”

मला रडू आलं. रागही आला, तिच्या आणि माझ्याही. तिच्यावर रागावणं सोपं होतं म्हणून मी तेच केलं, आणि दार आपटून अंगणात गेले.

पुष्करला फोन लावला. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, “सोपं आहे ना. जे गप्प आहेत त्यांना जास्त वजन द्या.”

मी अंगणातल्या बाजेवर बसून तसं करून पाहिलं. लॅपटॉपवर तासाभरात हजारो हंगाम खेळून होतात. पहिल्या हंगामात झकास चाललं. दुसऱ्यात माझ्या छोट्या मेंदूंच्या लक्षात आलं की गप्प राहणं फायद्याचं आहे. पाचव्या हंगामात सगळं गाव मुकं झालं होतं, आणि त्यांतला खरा मुका पुन्हा तळाला गेला. आरडाओरडा मोजा नाहीतर मौन मोजा, मोजलं की लोक ते शिकतात.

“मग ओल मोजणारी यंत्रं बसवू,” पुष्कर म्हणाला.

“बसवाच,” मी म्हटलं. “पण मी एवढं शिकवलेलं यंत्र आहे ना, त्याला अख्ख्या गावातून एक बाई वाळत चाललेली दिसली नाही. मला त्याच्यावर सही करवत नाही.”

“उद्या गावासमोर बोला,” तो म्हणाला. “मी येतोच आहे.”

शुक्रवारी सकाळी अकराला समितीच्या हॉलमध्ये साठ-सत्तर माणसं जमली. पुष्कर पेढ्यांचे खोके घेऊन आला होता, ते त्यानं खुर्चीखाली सरकवले. मी पडद्यावर यादी लावली, तळाची नऊ नावं मोठी केली आणि काय झालंय ते सांगितलं. ताईचं नाव सर्वांत खाली, तिच्या चारही पाळ्यांचे आकडे समोर.

समितीचे अध्यक्ष नानासाहेब देसले, त्यांचं वावर बंधाऱ्याला लागून. ते म्हणाले, “हे पहा, यंत्र रोज सकाळी विचारतं. यापेक्षा काय करायचं? तोंड दिलंय ना देवानं? ज्याला पाहिजे त्यानं मागावं.”

बरीच डोकी हलली. कुणालाही वाईट म्हणता येणार नाही, त्यांचा गहू कमरेला लागत होता. चाललंय ते बरं चाललंय, रविवारी पुन्हा बसून ठरवू असा सूर निघाला. मागच्या भिंतीला टेकून धुडकू आप्पा बसले होते. ते उठले, सगळ्यांकडे न बघता माझ्याकडे बघितलं.

“तुले सांगेल व्हतं ना मी, पोरी?” ते म्हणाले. “तू लिखी बी लिन्हं व्हतं.”

एवढंच. मग त्यांनी खाली ठेवलेली टोपी उचलली आणि ते बाहेर गेले. मी मान खाली घातली. वर केली तेव्हा ताईची खुर्चीही रिकामी होती.

ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. जेवायला वाढलं, अंथरूण घातलं, सगळं केलं. 

पुढं काय ठरलं ते मधेच सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. मी तो करार केला नाही. दुसरा केला, सहा महिन्यांनी. त्यात एक कलम आहे: दर पाळीआधी गावानं नेमलेलं माणूस टेलपासून बंधाऱ्यापर्यंत पायी येईल, आणि ते पोचल्याशिवाय यंत्र दार उघडणार नाही. पुष्करच्या साहेबांनी विचारलं, मग हे स्वयंचलित कसं? मी म्हटलं, नाहीच. एकशेचाळीस गावांपैकी बावीस गावांनी ते कलम घेतलं. बाकीच्यांना दुसरी यंत्रं मिळाली असतील. आमच्या खेळातही फेरी परत घातली आहे, दोन मिनिटांची. खेळाला त्या दिवसापासून वाईट शेरे पडताहेत.

पण मला सांगायची आहे ती शनिवारची सकाळ.

ताई चुलीपुढे होती, मी चहाचा कप धरून दारात. मी म्हटलं, “ताई, चुकलं माझं. पण तूही बोलायला हवं होतंस.”

तेवढ्यात तिचा फोन वाजला. सात वाजले होते. सवयीनं तिनं उचलला.

“नमस्कार उज्ज्वलाताई, पाणी पुरलं का?”

ताई माझ्याकडे बघत होती.

“नाही पुरलं!” ती म्हणाली. आवाज एवढा चढला की अंगणातल्या कोंबड्या पळाल्या. “कधी पुरलं? डिसेंबरात नाही, जानेवारीत नाही! आणि तू, हर्षू, चारचौघांत माझं नाव भिंतीवर लावलंस. मला विचारलंस? बघा, ही बिचारी. मला बिचारी नव्हतं व्हायचं. मला पाणी पाहिजे होतं! बोलायला हवं होतंस म्हणे. तू थांबलीस का कधी ऐकायला? बाबा होते तेव्हा फोन करायचीस, ‘काही लागलं तर सांग’, आणि मी तोंड उघडायच्या आत ‘चल, ठेवते’. आणि एसटीत मला काही मळमळायचं नाही! मला खिडकी पाहिजे असायची. दर वेळी!”

तिला दम लागला. फोन अजून कानाशी होता.

“आपली नोंद घेतली आहे,” यंत्र म्हणालं. “आपला दिवस शुभ जावो.”

ताईनं फोन खाली ठेवला. मग तिला हसू फुटलं, आणि हसता हसता ती रडायला लागली. मी कप खाली ठेवून तिच्याजवळ गेले. चाळिशी ओलांडलेली मी, तिच्या पदराला डोळे पुसले. तिनं पुसू दिले.

तासाभरानं आम्ही वावरात गेलो. लांबूनच आवाज आला. टेलचं दार पूर्ण उघडलं होतं आणि ताईच्या गव्हात पाणी शिरत होतं, एवढं की कोरड्या भेगांमधून बुडबुडे निघत होते. यंत्रानं आपलं काम चोख केलं होतं. एका रुसव्याचं मोल त्याला बरोबर कळलं होतं.

मी ताईचा हात धरला. निम्मा गहू वाचणार होता.

ताईनं पाण्याकडे पाहिलं. मग म्हणाली, “हे कुणाचं तोडलं?”

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. बंधारा तोच, पाणी तेवढंच. मी मोबाईलवर यादी उघडली. आज सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी एकाच वावराचं पाणी बंद झालं होतं. भटू पवार, चारी क्रमांक दोन. काल तळापासून दुसरं असलेलं नाव.

“भटूभाऊ?” ताई म्हणाली. “तो कसा मागणार गं? त्याला एक शब्द बोलायला किती वेळ लागतो. सकाळी फोन आला की तो नुसता धरून बसतो.”

तीन सेकंद. मग हो. खेळातून यंत्रात तसाच आलेला तो नियम मी स्वतः लिहिला होता, एका दुपारी, गिरणीच्या आवाजात, खेळ वेगवान व्हावा म्हणून.

ताईनं फावडं घेतलं. आपल्या वावरात निम्म्यापर्यंत पाणी येऊ दिलं, मग चिखलाची ढेकळं टाकून तोंड बंद केलं. पाणी अडलं आणि चारीत मागे चढायला लागलं. “पाटकऱ्याशिवाय पाण्याला हात लावायचा नसतो,” ती म्हणाली, “पण आज आप्पांना सांगू.” तिनं फावडं खांद्यावर टाकलं. “चल.”

आम्ही टेलपासून वर चालत निघालो. वाटेत ती प्रत्येक वावरात शिरून टाच दाबत होती, मग मीही दाबायला लागले. कंटाळा आला नाही असं म्हणणार नाही. ऊन चढत होतं, पायात काटे मोडत होते आणि बराच वेळ काहीच घडत नव्हतं.

भटूभाऊ बांधावर उकिडवा बसला होता, कोरड्या चारीकडे बघत. आम्हाला पाहून उठला, डोक्याचा रुमाल काढला. ताई त्याच्यासमोर बांधावर बसली. मीही बसले.

“भटूभाऊ,” ताई म्हणाली, “थोडं प्यायचं पाणी दे. आणि सांग, वावराला पाणी पुरलं का?”

त्यानं बाटली दिली. ओठ हलले, आवाज आला नाही. गळ्याची शीर ताठ झाली. त्यानं डोळे मिटले, पुन्हा सुरुवात केली, पहिल्याच अक्षरावर अडकला. माझ्या जिभेवर शब्द आला होता, त्याच्या वतीनं मीच म्हणणार होते. ताईनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला.

आम्ही थांबलो. त्याला ‘नाही’ म्हणायला बराच वेळ लागला.